उंबरठ्याबाहेर आलेली चव

सुगरणीची कीर्ती पूर्वी पंगत उठेपर्यंतच टिकत असे. तिचे नाव स्वयंपाकघरातच राही. 1910 मध्ये लक्ष्मीबाई धुरंधर यांनी ‘गृहिणीमित्र’ या ग्रंथात हजार पाकक्रिया गोविल्या. 1970 मध्ये कमलाबाई ओगले यांच्या ‘रुचिरा’ने त्या विद्येला वाटी-चमच्यांचे माप दिले. ब्रिटनमध्ये 1990 साली सुरू झालेली ‘मास्टरशेफ’ ही हौशी पाककुशलांची स्पर्धा 2010 मध्ये हिंदी दूरचित्रवाणीवर आली. तिच्या पहिल्या विजेत्या, लखनौच्या पंकज भदौरिया, शिक्षिकेची नोकरी सोडून तीत उतरल्या होत्या. सुगरणीला नाव लाभले, हे योग्यच झाले. परंतु परीक्षक एका ताटाचीच चव घेतो. 1972 च्या दुष्काळात जालन्यासारख्या मराठवाड्यातील भागांत गृहिणींनी परदेशाहून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरी थापून घरे जगविली. त्या कसोटीला ना परीक्षक होता, ना पारितोषिक.