लाख, नख आणि गोंदिया



आजचा विषय ऐकून काहींना हसू आलं असेल. इतिहासाच्या व्याख्यानात राजे हवेत, तह हवेत, दुष्काळ हवेत. नखं रंगवण्याचं काय काम? पण आम्ही हा विषय मुद्दाम घेतला आहे. नखाला लावायच्या रंगाला इंग्रजीत 'लॅकर' असा एक शब्द आहे. तो शब्द कुठून आला याचा माग काढत गेलं, तर पोर्तुगीज आणि अरबी वळणं घेत तो आपल्या 'लाक्षा' या शब्दापाशी पोचतो. लाक्षा म्हणजे लाख. आणि लाख म्हटलं की गोंदिया आलंच. तेव्हा आज आपण दोन गोष्टी बघू. एक, नखावरचा रंग आणि चकाकी कुठून कुठे गेली. आणि दोन, ज्या हातांनी ही लाख गोळा केली, त्या हातांच्या नखांचं काय झालं.

आधी लाख म्हणजे काय ते नीट समजून घेऊ, कारण पुष्कळांना तो झाडाचा डिंक वाटतो. डिंक झाडातून येतो. लाख येते एका बारीक किड्यापासून. पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांदीवर हे किडे हजारोंनी बसतात, तोंडाची सोंड सालीत खुपसून रस पितात आणि स्वतःभोवती राळेचं कवच तयार करतात. मादी त्या कवचात कायमची बंद होते. पिल्लं बाहेर पडायच्या सुमाराला शेतकरी काही काड्या कापून दुसऱ्या झाडांना बांधतो, म्हणजे पुढचं पीक धरतं. पळसावर वर्षाला दोन पिकं येतात, एक कतकी आणि एक बैसाखी. नावं ऐकली तरी कळतं, की हे शेतीचंच कॅलेंडर आहे. धानाच्या कामातून जो वेळ उरतो, त्यात लाखेचं काम बसवलेलं असतं.

या एकाच कवचात दोन वस्तू असतात, हे ध्यानात ठेवा. किड्याच्या अंगात लाल रंग असतो आणि बाहेर राळ असते. रंग पाण्यात उतरतो, राळ उतरत नाही. आजची सगळी गोष्ट या दोन वस्तूंच्या ताटातुटीची आहे.

जुन्या काळात आपल्याकडे दोन्हींची किंमत होती. अथर्ववेदाच्या पाचव्या कांडात लाक्षेवर एक सूक्त आहे, तिथे ती जखम भरून आणणारी औषधी आहे. महाभारतातलं लाक्षागृह तर शाळकरी मुलांनाही ठाऊक असतं. तिथे लाख आली आहे ती पेटते म्हणून. कालिदासाच्या शाकुंतलात शकुंतला सासरी निघते, तेव्हा वनातल्या झाडांनी तिला पायांसाठी लाक्षारस दिला असं वर्णन आहे. हाच पुढे आलता झाला. बंगालपासून छत्तीसगडपर्यंत आणि आपल्या पूर्व विदर्भातही लग्नात नवरीच्या पायाला जो लाल काठ काढतात, तो मुळात लाखेच्या पाण्याचा. आज बाटलीत मिळणारा आलता बहुतेक कृत्रिम रंगाचा असतो, ती वेगळी गोष्ट.

नखांबद्दलही आपले पूर्वज मागे नव्हते. वात्स्यायनाच्या कामसूत्रात नखांवर एक प्रकरणच आहे. चांगलं नख कसं, तर स्वच्छ, मऊ, चकचकीत, न फुटलेलं. आणि गंमत म्हणजे प्रांतवार वर्णनही आहे: गौड देशच्या लोकांची नखं लांब, दाक्षिणात्यांची आखूड आणि महाराष्ट्रातल्या लोकांची मध्यम! म्हणजे नखावरून माणूस कुठला ते ओळखायची सवय निदान दीड हजार वर्षांची आहे. पण हा ग्रंथ नागरकासाठी, म्हणजे शहरातल्या सुखवस्तू माणसासाठी लिहिला आहे. चिखलात हात घालणाऱ्याच्या नखाचं वर्णन त्यात सापडणार नाही.

आता गोंदियाकडे येऊ. गोंदिया हे नावच 'गोंद' म्हणजे डिंक यावरून पडलं असं सांगतात. गोंड लोक जंगलातला डिंक आणि लाख विकायला इथे आणत, त्यावरून गोंदिया. या वस्तूंना बाजार मिळाला तो रेल्वेमुळे. 1880 च्या दशकात नागपूरहून पूर्वेकडे लोहमार्ग गेला, 1887 साली बंगाल-नागपूर रेल्वे कंपनी उभी राहिली आणि पुढे हाच मार्ग कलकत्त्याच्या बाजूला जोडला गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जबलपूरकडे जाणारी अरुंदमापी गाडीही गोंदियाहून सुटू लागली. तीन-चार दिशांनी जंगल आणि मधोमध जंक्शन. लाख, तेंदूपत्ता, धान, लाकूड सगळं इथे उतरायचं आणि इथून चढायचं. लाखेचे कारखाने इथे निघाले ते त्यामुळेच.

कारखान्यात काय होतं? फांदीवरून खरवडलेली कच्ची लाख कुटतात, पाण्यात धुतात आणि दाणा लाख तयार करतात. मग जुन्या पद्धतीत ती कापडाच्या लांबलचक पिशवीत भरून भट्टीसमोर पीळ देत देत वितळवायची आणि पिळून निघालेली गरम राळ ताणून तिचा पातळ पापुद्रा करायचा. हाच चपडा. इंग्रजीत त्याचं नाव 'शेलॅक', म्हणजे शिंपल्याच्या पापुद्र्यासारखी लाख. ताणणारा माणूस तो तापलेला पापुद्रा हातांनी, पायांनी, प्रसंगी दातांनी धरून ताणायचा. हे चित्र मनात ठेवा, आपण परत त्या हातांकडे येणार आहोत.

आता ताटातूट कशी झाली ते बघा. कंपनी सरकारच्या काळात लाखेचा रंगच मोलाचा होता. इंग्लंडमध्ये किरमिजी लोकर रंगवायला तो जात असे. 1856 साली विल्यम पर्किन या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाला दगडी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग सापडला आणि त्यामागून कृत्रिम रंगांची रांगच लागली. काही दशकांत लाखेच्या रंगाला कोणी विचारीना. कारखान्यात लाख धुतलेलं लाल पाणी नाल्यात सोडून द्यायची वेळ आली. जो रंग शकुंतलेच्या पायाला लागला, तो सांडपाणी झाला आणि उरली ती राळ, म्हणजे चकाकी.

चकाकीला मात्र चांगले दिवस आले. लाकडाचं पॉलिश, लाखेची मोहोर, विजेच्या यंत्रांचं रोधक आणि मुख्य म्हणजे ग्रामोफोनच्या तबकड्या. आपल्या आजोबांनी नाट्यसंगीत ज्या काळ्या तबकड्यांवर ऐकलं, त्यांतला बांधून ठेवणारा पदार्थ लाख होता. ही मागणी एवढी मोठी होती, की 1924 साली रांचीजवळ नामकुम इथे लाखेवर संशोधन करणारी खास संस्था काढावी लागली. पण 1948 नंतर व्हिनाइलची तबकडी आली आणि दहा-बारा वर्षांत तोही बाजार बसला. भाव कोसळतो तेव्हा त्याचा हिशेब लंडन-कलकत्त्याच्या वहीत मांडला जातो. पळसाला काड्या बांधणाऱ्या कुटुंबाचं वर्षभराचं मीठ-तेल-कापड त्यात गेलं, हे कुठल्याच वहीत येत नाही.

मग नखाला लावायची बाटली कुठून आली? तर मोटारीच्या रंगातून. पहिल्या महायुद्धानंतर स्फोटकांसाठी बनवलेलं नायट्रोसेल्युलोज भरपूर शिल्लक होतं. त्यापासून झटपट वाळणारा रंग तयार झाला आणि 1923-24 च्या सुमाराला तो अमेरिकेत मोटारगाड्यांना लागू लागला. तोच पातळ करून नखावर आला. 1932 साली चार्ल्स रेव्हसन, त्यांचा भाऊ जोसेफ आणि चार्ल्स लॅकमन या रसायनतज्ज्ञाने मिळून रेव्हलॉन कंपनी काढली, ती या एका वस्तूवर. लॅकमनचा 'ल' त्या नावात आहे. आपल्याकडे 1952 साली टाटांनी लॅक्मे सुरू केली आणि भारतीय मध्यमवर्गाच्या टेबलावर देशी बाटली आली. इथे एक गैरसमज दूर करतो: लॅक्मे हे नाव लाखेवरून नाही. ते एका फ्रेंच संगीतिकेचं नाव आहे आणि मुळात ते लक्ष्मीचं फ्रेंच रूप आहे. उलट 2010 च्या सुमाराला परदेशातून 'शेलॅक' नावाचं जेल पॉलिश आलं, जे अतिनील दिव्याखाली कडक होतं. नाव शेलॅक, पण त्यात शेलॅक नाही. म्हणजे पळसावरचा शब्द बाटलीवर राहिला आणि पळसावरची वस्तू बाटलीतून गेली.

आता त्या हातांकडे येऊ. गोंदिया जिल्हा 1 मे 1999 ला भंडाऱ्यातून वेगळा झाला, पण दोन्हीकडची कामं एकच: धान, बिडी, जंगल. आषाढात पऱ्हे उपटून बांधीत रोवणी करणाऱ्या बाया दिवसभर चिखलपाण्यात वाकलेल्या असतात. नखाच्या मुळाशी जी पातळ कातडी असते, ती पाण्याने भिजून सुटते, तिथून जंतू आत शिरतात आणि नखुरडं होतं. बोट ठणकतं, तरी दुसऱ्या दिवशी बांधीत उतरावंच लागतं. बिडीचंही तसंच. गोंदिया, तिरोडा या भागात बिडीने हजारो घरं चालवली. पान कापायचं, जर्दा भरायचा, वळायचं आणि तोंड नखाने किंवा लोखंडाच्या बारीक साधनाने मुडपायचं. 1966 साली बिडी कामगारांसाठी कायदा झाला, पण बरंचसं काम घराच्या ओसरीवरच होत राहिलं. जर्द्याने पिवळं पडलेलं बोट ही त्या बाईची हजेरी होती.

म्हणून आठवडी बाजारात लाल-गुलाबी बाटल्यांचं दुकान मांडलेलं दिसतं आणि रोवणी आटोपलेल्या पोरी तिथे एकेका बोटावर एकेक रंग लावून बघत असतात, तेव्हा 'यांना काय चैन सुचते' असं आपण म्हणू नये. शतकानुशतकं रंग आणि चकाकी या भागातून बाहेर गेली. त्यातलं थोडं दहा-वीस रुपयांत परत हातावर आलं, तर बिघडलं कुठे?

हौस करावी, फक्त नखाची जात ओळखून करावी. दिसणारं नख केराटिन नावाच्या मृत पदार्थाचं असतं, जिवंत भाग मुळाशी कातडीखाली. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, म्हणजे पूर्ण नवं व्हायला सहा महिने लागतात. पायाच्या नखाला वर्ष-दीड वर्ष. तेव्हा एकदा बिघडलेलं नख लवकर सुधारत नाही. गडद रंगाने नख पिवळं पडतं, म्हणून आधी बिनरंगी थर द्यावा. रंगाचे दोन पातळ हात एका जाड हातापेक्षा बरे. सुकलेला रंग खरवडला की नखाचा पापुद्राही निघतो. काढायच्या औषधाने नख कोरडं होतं, नंतर खोबरेल चोळावं. मुळाची कातडी कापू नये, तीच तर दार आहे. आणि ओलं पॉलिश व ते काढायचं औषध चुलीजवळ कधीही उघडू नये. दोन्ही भपकन पेटतात. दवाखान्यात जाताना रंग काढून जावा. आपल्या पूर्व विदर्भात सिकलसेल आहे, रक्त कमी असणाऱ्या बाया पुष्कळ आहेत, आणि डॉक्टर नखाचा फिकेपणा बघतात. बोटाला चिमटा लावून प्राणवायू मोजतानाही गडद रंग आड येऊ शकतो.

शेवटी आणखी एका रंगाबद्दल सांगून थांबतो. 1962 पासून मतदाराच्या डाव्या तर्जनीला जी न पुसणारी शाई लागते, ती मैसूरच्या एका सरकारी कारखान्यात बनते. हा कारखाना 1937 साली निघाला तेव्हा त्याचं नाव होतं मैसूर लॅक अँड पेंट वर्क्स, आणि त्याचं काम होतं जंगलातल्या लाखेवर प्रक्रिया करणं. शाईत लाख नाही, सिल्व्हर नायट्रेट आहे; कातडीवरची खूण लवकर जाते, नखावरची मात्र नख वाढून कापलं जाईपर्यंत राहते. सालेकसाच्या जंगलात लाख काढणारी असो की गोंदियाच्या पेढीवर बसणारा, बोट एकच आणि रंगही एकच. पुढच्या मतदानानंतर घरी गेल्यावर त्या नखाकडे एकदा नीट बघा, आणि शेजारच्या नखांवर काय काय लिहिलंय, तेही वाचून बघा.

इतकं बोलून आम्ही रजा घेतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.