घाटावरची प्रतीक्षा

फ्रान्सची सायकल-शर्यत १९०३ साली सुरू झाली. उंच पर्वतांशी तिची खरी गाठ पडली ती १९१० साली. पिरेनीजमधील तूर्माले हा २,११५ मीटर उंचीचा घाट तेव्हा मार्गात आला. पाहणीस गेलेले स्टेनेस बर्फात अडकले, तरी रस्ता उत्तम असल्याची तार त्यांनी पॅरिसला धाडली! लापीझने त्या घाटाचा काही भाग पायीच चढला, आणि अखेर शर्यतही जिंकली.

सपाटीवर स्वार क्षणात दिसेनासे होतात. चढावर गती मंदावते, जथा फुटतो, एकेकाची मुद्रा न्याहाळता येते. म्हणून रसिक घाटच निवडतात. तिकीट नाही, पण तजवीज फार. रस्ता वाहनांना काही तास आधीच बंद होतो. तेव्हा पुष्कळजण आदल्या दिवशीच शिदोरी, पाणी आणि रात्रीच्या गारठ्यासाठी पांघरुणे घेऊन वर मुक्काम ठोकतात.

आल्प द्वेझवर १९५२ साली कोप्पी प्रथम आला. त्या एकवीस वळणांपैकी कोणते गाठावे, यातच प्रेक्षकाचे कसब. गर्दी मात्र स्वारांच्या अंगाशी भिडते. १९९९ साली तेथेच छायाचित्र टिपणाऱ्या एका प्रेक्षकावर आदळून ग्वेरीनी कोसळला; उठून त्याने तो टप्पा जिंकला, तोही अवघ्या काही सेकंदांनी.