नावाचं पहिलं अक्षर

१९९१ साली एमएस-डॉस ५ आलं आणि त्याच्यासोबत 'अनडिलीट' नावाची आज्ञा आली. ती ज्यांनी वापरली त्यांना तिचा विचित्र प्रश्न आठवत असेल. चुकून उडवलेली पगारपत्रकाची फाइल ती शोधून द्यायची, पण नावाच्या सुरुवातीला प्रश्नचिन्ह, बाकीची अक्षरं जशीच्या तशी. मग विचारायची, पहिलं अक्षर काय होतं? 'पी' दाबलं की फाइल हजर. आतला रुपयान् रुपया जागेवर असायचा आणि गेलेलं असायचं ते नावाचं एक अक्षर.

या अक्षराचं मूळ आठ इंची फ्लॉपीत आहे. आयबीएमच्या त्या फ्लॉप्यांत जेमतेम अडीचशे केबी मावायचे. फॉरमॅट केलेल्या कोऱ्या फ्लॉपीवर जागा भरायची म्हणून सगळीकडे एकच बाइट लिहिलेला असायचा: ई५, म्हणजे आपल्या दशमान पद्धतीतले २२९. १९७४ च्या सुमारास गॅरी किल्डॉल याने सीपी/एम ही प्रणाली लिहिली. फाइलींच्या यादीत एखाद्या नोंदीचा पहिला बाइट ई५ असेल तर ती नोंद रिकामी समजायची, असा तिचा नियम होता. त्यामुळे कोरी फ्लॉपी आत सरकवली की तिची यादी आपोआप रिकामी दिसायची. फाइल काढून टाकायची तर तिच्या नोंदीच्या पहिल्या बाइटवर ई५ लिहिला की काम झालं. मजकूर पुसत बसायला वेळ कोणाकडे होता? फ्लॉपी वाचणं-लिहिणं तेव्हा ऐकू येण्याइतकं संथ होतं.

१९८० साली सिएटलच्या टिम पॅटरसनने ८६-डॉस लिहिलं, ते सीपी/एमच्या वळणावर. त्यात हा ई५ सुद्धा आला. मायक्रोसॉफ्टने ते विकत घेतलं आणि १९८१ मध्ये आयबीएम पीसीबरोबर ते घरोघर निघालं. डॉसमध्ये प्रत्येक फाइलची नोंद ३२ बाइटची: आठ अक्षरी नाव, तीन अक्षरी आडनाव, तारीख-वेळ, आकार, आणि मजकूर डिस्कवर कुठून सुरू होतो तो आकडा. डिलीट केलं की नावाच्या पहिल्या अक्षराचा ई५ व्हायचा आणि फॅट नावाच्या तक्त्यात त्या फाइलच्या तुकड्यांची साखळी शून्य व्हायची. सातबाऱ्यावरून नाव कमी करताना तलाठी नावाला नुसता कंस करायचा आणि कंसातलं नाव पुढेही वाचता यायचं, तसंच हे. फरक इतकाच की कंसातली जमीन डॉस त्याच क्षणी दुसऱ्याला द्यायला मोकळं. म्हणून फाइल उडाल्यावर मशीनला हात लावू नका, असं जाणकार ओरडून सांगतात. नव्या फाइलने ती जागा घेतली की जुनी खरोखरच गेली.

जपानात याची भलतीच पंचाईत झाली. तिथल्या लिपीच्या सांकेतिक पद्धतीत काही अक्षरांची सुरुवातच ई५ ने होते. अशा अक्षरापासून नाव सुरू होणारी धडधाकट फाइल डॉसला मेलेली वाटली असती. म्हणून अशा नावांत पहिला बाइट ०५ लिहायचा आणि वाचताना तो ई५ समजायचा, अशी तोड काढावी लागली.

कंसातलं नाव पुन्हा उजेडात आणण्याचं श्रेय पीटर नॉर्टनला मिळालं. हा नोकरी गेलेला प्रोग्रॅमर. त्याच्याकडून एक फाइल चुकून उडाली, तेव्हा ती पुन्हा टाइप करण्याऐवजी त्याने ती शोधणारा प्रोग्रॅमच लिहिला, अशी हकिकत सांगितली जाते. १९८२ मध्ये त्याचा 'अनइरेज' बाजारात आला. पुढे हाताची घडी घातलेला नॉर्टन पुस्तकांच्या मुखपृष्ठावर झळकू लागला आणि १९९० मध्ये त्याने कंपनी सिमँटेकला विकली. आपल्याकडे मात्र नॉर्टन पैसे मोजून घेणारा विरळाच, फ्लॉपी हातोहात फिरायची. 'अनइरेज'मध्ये जादू नव्हती, अंदाज होता. साखळी शून्य झालेली असल्यामुळे, फाइलचे तुकडे सलग पडले असतील असं धरून तो उचलत जायचा. ते विखुरलेले असले तर निम्म्या पगारपत्रकानंतर कुणाचं तरी पत्र सुरू व्हायचं.

विंडोज ९५ ने रिसायकल बिन आणला. कचऱ्याच्या टोपलीची कल्पना ॲपलच्या लिसावर १९८३ सालीच दिसली होती. मला विचाराल तर टोपली हे पुसणं नव्हेच, फाइल एका खोलीतून दुसऱ्या खोलीत नेणं आहे. शिफ्ट दाबून डिलीट मारणारे तेव्हाही होते, आजही आहेत.

२००९ साली विंडोज ७ आलं आणि उडालेली फाइल परत आणण्याच्या जुन्या युक्तीला मोठा धक्का बसला. एसएसडीमध्ये रिकाम्या झालेल्या जागेची खबर ड्राइव्हला लगेच द्यायची सोय त्यात होती. तिला ट्रिम म्हणतात. खबर मिळाली की ड्राइव्ह आपल्या सवडीने ती जागा खरोखरच साफ करते. मोबाइलमध्ये तर साठवणच कुलूपबंद, किल्ली टाकून दिली की मजकूर असून नसल्यासारखा. तिथे आशा उरते ती गुगल फोटोजच्या ट्रॅशमध्ये, बॅकअप घेतलेल्या फोटोंना साठ दिवस.

ई५ चं राज्य आता मुख्यतः कमी क्षमतेच्या मेमरी कार्डांवर उरलंय. आंबिवली स्टेशनकडून मोहने गावात आलं की फोटो स्टुडिओ लागतात. हळदी-लग्नांच्या हंगामात त्यांच्याकडे हमखास येणारं वाक्य म्हणजे "कार्ड फॉरमॅट मारलं हो चुकून." अशाच एका स्टुडिओत मी ते काम पाहिलं. कॅमेऱ्यातलं फॉरमॅट बहुधा यादी आणि तक्ता तेवढा कोरा करतं, फोटोंना हात लावत नाही. स्टुडिओवाल्याने फोटोरेक चालवला. क्रिस्तोफ ग्रेनिये या फ्रेंच प्रोग्रॅमरचं हे फुकट सॉफ्टवेअर यादीकडे बघतच नाही. जेपीईजी फोटोची सुरुवात एफएफ डी८ या दोन बाइटनी होते आणि शेवट एफएफ डी९ ने, त्या खुणा धरून ते अख्खं कार्ड चाळतं.

पडद्यावर आकडा वाढत गेला. एकेका फोल्डरमध्ये पाचशे फाइली भरल्या की नवं फोल्डर. नावं मात्र साफ गेलेली, एक अक्षरही शिल्लक नाही. 'एफ'पुढे लांबलचक आकडा, म्हणजे तो फोटो कार्डावरच्या कोणत्या सेक्टरपासून सुरू झाला तो. मधूनच 'टी'पासून सुरू होणाऱ्या चिमुकल्या प्रती, मोठ्या फोटोच्या पोटातले थंबनेल. काही फोटोंत वरचा अर्धा भाग नवरीच्या हळदीचा आणि खाली करडा पट्टा. फॉरमॅटनंतर कुणीतरी चार फोटो आणखी काढले होते, त्यांनी नेमकी ती जागा खाल्ली होती.

स्टुडिओवाल्याने फाइली टिपल्याच्या वेळेप्रमाणे लावल्या. ती वेळ फोटोच्या आतच लिहिलेली असते, यादी पुसली तरी जात नाही. चुडा, हळद, वरात क्रमाने लागत गेले. "पेन ड्राइव्हवर देतो, त्याच कार्डावर परत टाकू नका," असं त्याने गिऱ्हाइकाला दोनदा बजावलं. मग कार्डाच्या कडेची बारीक कळ खाली ओढून लॉक केलं आणि पाकिटावर बॉलपेनने नवऱ्याचं नाव लिहिलं.