किल्ली खरी, तरी दार उघडेना

खंडाळ्याहून कर्जतकडे घाट उतरताना वाटेत कॅच सायडिंग लागतात. तेथला सांधा एरवी चढावर जाणाऱ्या आडमार्गाला लावलेला असतो. गाडी थांबली, म्हणजे ब्रेक ताब्यात आहेत हे पटले, की मगच तो मुख्य मार्गाला लागतो. 'ब्रेक ठीक आहेत' असे नुसते सांगून भागत नाही, करून दाखवावे लागते.

दूरच्या संगणकात शिरताना पूर्वी नुसते सांगूनच भागत असे. टेलनेटमधून पासवर्ड जसाच्या तसा तारेवरून जाई आणि वाटेत कोणीही तो टिपू शके. हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यात तसे घडले, तेव्हा तेथील टाटू युलोनेन यांनी १९९५ साली 'एसएसएच' लिहिले. त्यात किल्ल्यांची जोडी वापरता येते. सार्वजनिक किल्ली दूरच्या संगणकावर ठेवायची, खाजगी आपल्यापाशी. खाजगी किल्लीने केलेली सांकेतिक सही तेवढी पलीकडे जाते, किल्ली घर सोडत नाही. या जोडीमागची कल्पना डिफी व हेलमन यांनी १९७६ मध्ये मांडली होती.

मग अडते कुठे? खालापूर तालुक्यातील एका शिक्षकमित्राने आपली किल्ली पेन ड्राइव्हवरून लिनक्स संगणकावर उतरवली आणि ती नाकारली गेली. फाइल शाबूत होती. पण पेन ड्राइव्हवरील फॅट पद्धतीत फाइल कोणी वाचावी याची नोंदच नसते, त्यामुळे ती सर्वांना वाचता येईल अशी उतरली. अशी उघडी किल्ली प्रोग्रॅम वापरतच नाही. वाचण्याचा हक्क फक्त मालकाकडे ठेवला आणि काम झाले.

दुसरी अडचण लिपीची म्हणावी तशी. सायमन टॅथम यांच्या 'पुटी'ला किल्ली स्वतःच्या मांडणीत लागते. 'ओपनएसएसएच'ने बनवलेली किल्ली 'पुटीजेन'मधून रूपांतरित करावी लागते. २०१८ मध्ये ओपनएसएसएचनेही नव्या किल्ल्यांची नेहमीची मांडणी बदलली, तेव्हा जुने प्रोग्रॅम त्या वाचीनात. हे चिडचिडीचे खरे, धोक्याचे नव्हे.

धोका एकदा अगदी मुकाट्याने आला. सप्टेंबर २००६ मध्ये 'डेबियन' या लिनक्स प्रकारात, तपासणीच्या एका प्रोग्रॅमची कुरकुर थांबावी म्हणून ओपनएसएसएलमधील काही मजकूर निष्क्रिय केला गेला. किल्ली बनवताना लागणारी यदृच्छ संख्या त्याच वाटेने येत होती! उरला तो केवळ प्रक्रियेचा क्रमांक, १ ते ३२,७६७ मधला. एका जातीच्या यंत्रावर एका प्रकारच्या व लांबीच्या किल्ल्या एवढ्याच संभवत. आपल्या शाळेत इतक्या चाव्यांचा जुडगा कोणी आणला, तर चिकाटीने कुलूप उघडेलच. संगणकाला तर ते किरकोळ काम. जवळजवळ वीस महिने या किल्ल्या विनातक्रार चालल्या. लुचियानो बेलो यांना दोष सापडला आणि १३ मे २००८ रोजी तो जाहीर झाला.

डेबियन व त्यावर आधारलेल्या उबुंटूवर त्या काळात बनलेल्या किल्ल्या टाकून नव्या कराव्या लागल्या. कमकुवत किल्ल्यांची यादी बनवून सर्व्हरना पुरवली गेली. पूर्वी सुरळीत चालणाऱ्या किल्लीवर आता नकार येऊ लागला.