कॅमेऱ्याचा खटका

टोकियोतील एखाद्या उपाहारगृहांत कोणी आपल्या पुढ्यांतील ताटाचें छायाचित्र घेतलें, कीं शेजारच्या मेजांवरील माणसें क्षणभर मान वर करून पाहतात. मोबाईल दूरध्वनि अगदीं मुका करून ठेवलेला असला तरी छायाचित्राच्या क्षणीं त्यांतून ‘खट्’ असा आवाज निघतोच. तो बंद करण्याची सोय जपानांत विकल्या जाणाऱ्या यंत्रांत सहसा ठेवलेलीच नसते. तसेंच यंत्र मुंबईच्या किंवा पुण्याच्या दुकानांतून घेतलेलें असेल तर त्याचा आवाज एका बोटासरशी बंद होतो, आणि तो बंद करण्यांत कांहीं विशेष आहे असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. एकाच वस्तूवर एका देशांत बोलण्याची सक्ति आणि दुसऱ्या देशांत तिला मौनाची मोकळीक कां असावी, हें समजून घ्यावयाचें तर छायाचित्रणाच्या इतिहासांत बरेंच मागें जावें लागतें. तेथें असें आढळतें कीं, ज्या आवाजावर आज पहारेकऱ्याचें काम सोंपविलेलें आहे, तो मुळांत यंत्राचा एक दोष होता. आणि तो नाहींसा करण्यासाठीं कुशल माणसांनीं कित्येक वर्षें खटपट केली होती.

अगदीं आरंभींच्या कॅमेऱ्याला आवाजच नव्हता. १८३९ सालीं दागेरची कृति पॅरिसमध्यें जाहीर झाली, तेव्हां चित्र उमटावयाला मिनिटेंच्या मिनिटें लागत. कांचेच्या भिंगावरील टोपण हातानें काढावयाचें, मनांत अंक मोजावयाचे, आणि टोपण पुन्हां बसवावयाचें, एवढीच त्या काळची ‘झडप’. मुंबईंत १८५४ सालीं छायाचित्रण-मंडळ स्थापन झालें व डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी हे त्याच्या कामांत भाग घेऊं लागले; त्या सुमारासहि काम याच रीतीनें चाले. चित्र काढवून घेणाऱ्यानें श्वास रोखून, मान मागच्या लोखंडी आधाराला टेकून बसावयाचें असे. अशा माणसाला आपलें चित्र निघत आहे हें आवाजानें कळविण्याची गरज ती काय? त्याच्या सहकार्यावांचून चित्र निघणेंच शक्य नव्हतें. संमति ही वेगळी मागावी लागत नसे. तिच्यावांचून हातीं आलें असतें तें केवळ एक धुरकट ठिगळ.

ही स्थिति पालटली ती १८८० च्या आगेंमागें. कोरड्या कांचा प्रचारांत आल्या, त्यांची प्रकाश टिपण्याची शक्ति वाढली, आणि सेकंदाच्या लहानशा अंशांत चित्र घेणें साध्य झालें. एवढा अल्प काळ हातानें मोजतां येत नाहीं, म्हणून स्प्रिंगेवर चालणारी यांत्रिक झडप आली. आणि झडपेबरोबर खटकाहि आला. १८८८ सालीं जॉर्ज ईस्टमननें शंभर चित्रांची गुंडाळी घातलेला कोडॅक कॅमेरा बाजारांत आणला, तेव्हां तर रस्त्यावरच्या कोणालाहि कोणाचेंहि चित्र घेतां येऊं लागलें. याचा परिणाम किती लौकर जाणवला पाहा. १८९० च्या डिसेंबरांत वॉरन आणि ब्रँडाइस या बोस्टनच्या दोघां वकिलांनीं हार्वर्डच्या कायदेविषयक नियतकालिकांत माणसाच्या खासगीपणाच्या हक्कासंबंधीं जो प्रसिद्ध निबंध लिहिला, त्यांत या क्षणचित्रांचा आणि वर्तमानपत्रांचा स्पष्ट उल्लेख आहे. ज्या हक्काविषयीं पुढें जगभर न्यायालयांत वाद झाले, त्या हक्काच्या मांडणीमागें एक खिशांत न मावणारी लांकडी पेटी होती, ही गोष्ट विसरतां कामा नये.

मात्र छायाचित्रकारांना त्या खटक्याचा उपद्रवच वाटे. समोरचा माणूस आवाजानें सावध होतो, आणि सावध झालेला चेहरा हा पूर्वीचा चेहरा राहत नाहीं. जर्मनींत ऑस्कर बार्नाक यानें घडविलेला लायका कॅमेरा १९२५ सालीं विक्रीस आला. त्याची झडप कापडी पडद्याची होती व तिचा आवाज इतर यंत्रांच्या मानानें फारच मवाळ असे. त्याच सुमारास एर्मानॉक्स नांवाचा, अंधुक प्रकाशांतहि चित्र घेणारा एक लहान कॅमेरा निघाला होता, व तो डॉ. एरिख सालोमन या कायद्याच्या पदवीधराच्या हातीं पडला. १९२८ सालीं जर्मनींतील एका खटल्याच्या वेळीं त्यानें आपल्या टोपींत कॅमेरा लपवून, जेथें छायाचित्रणास बंदी होती त्या न्यायालयांतील चित्रें टिपलीं. पुढें राष्ट्रसंघाच्या बैठकींतून व मुत्सद्द्यांच्या रात्रींच्या खलबतांतून त्यानें घेतलेलीं चित्रें युरोपभर गाजलीं. जांभया देणारे, पेंगुळलेले, कानाशीं लागून कुजबुजणारे मंत्री लोकांनीं पहिल्यानेंच पाहिले. सालोमन ज्यू होता. नाझींच्या तावडींत सांपडून १९४४ सालीं औशवित्झच्या छावणींत त्याचा अंत झाला. सत्तेच्या दालनांत चोरून पाहणाऱ्या या माणसाला कोणी चोर म्हणत नाहीं, आणि तें योग्यच आहे. पण याच कौशल्याचें दुसरें टोंक कोठें जातें, हें पुढें दिसून आलें.

अमेरिकेंतील वॉकर एव्हन्स याची हकीगत अधिक सूचक आहे. १९३८ पासून १९४१ पर्यंत न्यूयॉर्कच्या भुयारी आगगाडींत बसून त्यानें समोरच्या उतारूंचीं चित्रें घेतलीं. कॉन्टॅक्स कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग त्यानें काळे रंगविले होते, भिंग कोटाच्या दोन गुंड्यांमधून डोकावत असे, आणि खटका दाबण्याची तार बाहींतून हातापर्यंत आलेली असे. रुळांच्या खडखडाटांत झडपेचा आवाज बुडून जाई. त्या थकलेल्या, हरवलेल्या, स्वतःशींच असलेल्या चेहऱ्यांची बरोबरी मुद्दाम बसवून काढलेलीं चित्रें क्वचितच करूं शकतील. तरीहि एव्हन्सनें तीं लगेच पुस्तकरूपानें छापलीं नाहींत. पुस्तक निघालें तें १९६६ सालीं, म्हणजे अखेरचें चित्र घेतल्यास पंचवीस वर्षें लोटल्यावर. त्यांतील एकाहि उतारूला आपलें चित्र निघाल्याचा खटका ऐकूं आला नव्हता.

युद्धानंतर कांहीं काळ आवाज उलट वाढला. भिंगांतून दिसणारें दृश्यच आरशाच्या साह्यानें डोळ्याला दाखविणारे कॅमेरे लोकप्रिय झाले. १९५४ सालीं जपानच्या असाही कारखान्यानें चित्र निघतांच आपोआप जागेवर परतणारा आरसा प्रचारांत आणला, आणि १९५९ च्या निकॉन एफ या यंत्रानें ही जात वृत्तपत्रांच्या जगांत रुळविली. यांत आरसा वर आपटतो, पडदा सरकतो, आरसा खालीं येतो. सारें मिळून जो दणका होतो, तोच पुढें सामान्य माणसाच्या कानीं ‘कॅमेऱ्याचा आवाज’ म्हणून ठसला. चित्रपटांच्या चित्रणस्थळीं तर या आवाजानें संवादांचें ध्वनिमुद्रण बिघडे, म्हणून स्थिरचित्रें घेणारे आपला कॅमेरा जाड अस्तर लावलेल्या पेटींत घालून वापरीत.

नंतर यंत्रांतून पडदाच गेला. मोबाईलमधील कॅमेऱ्यांत फिल्म नसते. प्रकाश टिपणारी एक लहानशी चकती असते, आणि ती विद्युत्-संकेतानें ओळीमागून ओळ वाचली जाते. तेथें हालणारी झडप नाहीं, म्हणून आवाजहि नाहीं. छायाचित्रकारांनीं ज्यासाठीं इतका खटाटोप केला, ती पूर्ण शांतता यंत्राच्या रचनेनेंच फुकट मिळाली. आणि नेमकी तेव्हांच ती कोणाला नकोशी झाली. २००० च्या नोव्हेंबरांत जपानमध्यें शार्प कंपनीनें बनविलेला व जे-फोन कंपनीनें विकलेला जे-एसएच०४ हा दूरध्वनि बाजारांत आला. त्याचा कॅमेरा अवघ्या एक लाख दहा हजार चित्रबिंदूंचा होता, पण त्यांत घेतलेलें चित्र तेथल्या तेथें दुसऱ्याला पाठवितां येई. थोड्याच वर्षांत असे कॅमेरे जपानांतील बहुतेक प्रत्येकाच्या हातीं आले, आणि गर्दीच्या आगगाड्यांतून व सरकत्या जिन्यांवरून स्त्रियांचीं चोरून चित्रें घेण्याचे प्रकार सुरू झाले. लोकांत ओरड झाली. तेव्हां दूरध्वनिसेवा पुरविणाऱ्या कंपन्या व कारखानदार यांनीं आपण होऊन असा दंडक घातला कीं, चित्र घेतांना आवाज झालाच पाहिजे व वापरणाऱ्याला तो बंद करतां येतां कामा नये. हा राज्याचा कायदा नव्हे, धंदेवाल्यांचा आपसांतील संकेत आहे, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. खुद्द जपानांतहि त्याला कायदाच समजणारे लोक आहेत.

आतां यंत्रांत झडप नाहीं, तर आवाज आणावा कोठून? तो उसना आणावा लागला. ॲपलच्या आयफोनमध्यें जो खटका ऐकूं येतो, तो त्या कंपनींत पूर्वीं ध्वनिरचनेचें काम करणाऱ्या जिम रीक्स यांनीं आपल्या स्वतःच्या कॅनन एई-१ या कॅमेऱ्यावरून मुद्रित केलेला आहे. एई-१ हें यंत्र १९७६ सालचें, आरसा आपटणाऱ्या जातीचें. म्हणजे जो आरसा या दूरध्वनींत कधींच नव्हता, त्याचें आपटणें त्यांतून ऐकूं येतें. मढ्याच्या तोंडीं जिवंत माणसाचा खोकला घालावा, तसाच हा प्रकार.

दक्षिण कोरियानें हाच प्रश्न अधिक काटेकोरपणें हाताळला. तेथील दूरसंचार-तंत्र संघटनेनें २००४ सालीं प्रमाण ठरविलें कीं, मोबाईलनें चित्र घेतांना साठ ते अडुसष्ट डेसिबल इतका आवाज झाला पाहिजे, यंत्र मुकें केलेलें असो वा नसो. साठ डेसिबल म्हणजे दोन माणसांच्या नेहमींच्या संभाषणाएवढा आवाज. शांत वाचनालयांत तो दचकविणारा, तर धावत्या भुयारी गाडींत ऐकूंहि न येणारा! एव्हन्सला ज्या खडखडाटानें आसरा दिला, तोच खडखडाट सेउलच्या व टोकियोच्या लबाडांनाहि मिळाला.

शिवाय आवाज मारण्याच्या युक्त्या लौकरच निघाल्या. कोणी ध्वनीच्या छिद्रावर बोट दाबून धरूं लागला, कोणी परदेशांतून यंत्र आणवूं लागला. सर्वांत सोपा मार्ग म्हणजे मूक छायाचित्रणाचीं छोटीं ॲपें. पडद्यावर दिसणाऱ्या हालत्या दृश्यांतीलच एक चौकट तीं उचलून ठेवीत. त्यामुळें ‘छायाचित्र घेण्याची’ क्रिया, जिच्याशीं आवाज बांधलेला होता, ती घडतच नसे. अशीं ॲपें उघडपणें मिळत, व तीं घेणारे बहुतेक लोक निरुपद्रवीच असत. पाळण्यांत नुकतेंच निजलेलें मूल, खिडकींत पेंगणारें मांजर, संग्रहालयांतील चित्र, वर्गांतील फळा यांचीं छायाचित्रें घेणाऱ्यांची तक्रार अशी कीं, दुष्टाला हवी ती शांतता पैशापासरी मिळते आणि सज्जनाचा मात्र भर सभेंत खटका वाजतो. २०२३ सालीं कोरियाच्या नागरी हक्क आयोगानें लोकांचें मत विचारलें, तेव्हां उत्तर देणाऱ्यांपैकीं फार मोठ्या संख्येनें आवाज ठेवावा कीं नाहीं हें वापरणाऱ्यावर सोंपवावें असाच कौल दिला. या तक्रारींत तथ्य आहे. पण उलट बाजूहि तितकीच खरी आहे: जिन्यावर मागून ‘खट्’ असें ऐकून एखादी स्त्री वळून पाहूं शकली, तर तेवढ्यापुरता तो आवाज तिचा साक्षीदार होतो, आणि तो गेल्यास वळून पाहण्याचें निमित्तहि जातें. निजलेल्या मुलाच्या आईची सोय आणि जिन्यावरील स्त्रीची सावधगिरी एकाच तराजूंत घालावयाची कशी, हें डेसिबलांच्या मापानें ठरण्यासारखें नाहीं.

अमेरिकेंत २००९ सालीं पीटर किंग या प्रतिनिधीनें अशाच सक्तीचें विधेयक मांडलें. तें समितीच्या पुढें सरकलें नाहीं. भारतांत आवाजाची सक्ति नाहीं. येथें कायद्यानें कृत्यालाच हात घातला. २०१३ च्या दुरुस्तीनें दंडसंहितेंत स्त्रीच्या खासगी कृत्याचें तिच्या नकळत अवलोकन वा चित्रण करणें हा स्वतंत्र गुन्हा ठरविण्यांत आला, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेंत तो ७७ व्या कलमांत आहे. पहिल्या अपराधाला एक ते तीन वर्षें, पुन्हां केल्यास तीन ते सात वर्षें कारावास अशी शिक्षा त्यांत सांगितली आहे. कॅमेरा वाजला कीं न वाजला, हें तें कलम विचारीत नाहीं.

जपानांत मात्र पुष्कळ वर्षें अशा चित्रणावर प्रांतोप्रांतींच्या उपद्रवविरोधी नियमांनींच कारवाई होत असे. हे नियम एकसारखे नव्हते. विमानांत गुन्हा घडल्यास तो कोणत्या प्रांतावरील आकाशांत घडला, हेंच सिद्ध करण्याची पाळी येई. अखेर १३ जुलै २०२३ पासून चोरून लैंगिक स्वरूपाचें चित्रण करण्याबद्दल सबंध देशाला लागू असा कायदा अंमलांत आला, व तीन वर्षांपर्यंत कारावास किंवा तीस लाख येनपर्यंत दंड अशी शिक्षा ठरली. हा कायदा आला तरी कारखानदारांनीं आपला जुना संकेत मोडला नाहीं, आणि टोकियोच्या उपाहारगृहांतील मेजावर ताट आलें कीं एई-१ चा आरसा पूर्वींसारखाच आपटत राहिला.