मिलिंद म्हणजे भुंगा की राजा?



परवा एका बारशाला गेले होते. आत्यानं बाळाच्या कानात नाव सांगितलं, रीतीप्रमाणे तिच्या पाठीत धपाटे पडले, आणि मग घुगऱ्या खाता खाता नावांवर गप्पा निघाल्या. बाळाच्या आजोबांचं नाव मिलिंद. एक जण म्हणाली, मिलिंद म्हणजे भुंगा. दुसरी म्हणाली, भुंगा कसला, मिलिंद राजा होता. जरा वादच झाला. घरी येऊन शोधाशोध केली तर दोघीही बरोबर निघाल्या. संस्कृतात मिलिंद म्हणजे भुंगा, हे खरंच. पण मिलिंद नावाचा राजाही होऊन गेला, आणि तो होता ग्रीक!

ग्रीस हा दूर युरोपातला देश. तिथला अलेक्झांडर इसवी सनापूर्वी ३२६ मध्ये पंजाबापर्यंत आला. त्याचंच नाव फारसी-अरबीतून फिरत आपल्याकडे सिकंदर झालं. तो परत गेला, पण अफगाणिस्तानच्या बाजूला ग्रीकांच्या वस्त्या राहिल्या आणि पुढे त्यांच्यातून राजे झाले. त्यातलाच एक मिनँडर, इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातला. त्याची राजधानी सागल, म्हणजे आज पाकिस्तानात असलेलं सियालकोट. ग्रीक भाषेत त्याचं नाव मेनान्द्रोस. त्यातल्या ‘मेनो’चा अर्थ टिकून राहणं, आणि ‘आन्द्रोस’ म्हणजे पुरुषाचा. दोन्ही मिळून ठाम उभा राहणारा माणूस. ग्रीसमध्ये हे नाव जुनंच, अथेन्समध्ये याच नावाचा विनोदी नाटकं लिहिणारा एक मोठा नाटककार त्याच्याही आधी होऊन गेला होता.

राजाच्या नाण्यांवर एका बाजूला ग्रीक अक्षरं आहेत आणि दुसऱ्या बाजूला इथल्या लोकांच्या भाषेत, खरोष्ठी लिपीत त्याचं नाव आहे. पाली भाषेत त्याच नावाचं मिलिंद झालं. आपण नाही का स्टेशनचं टेसन करत, तसंच.

या राजाचा ‘मिलिंदपञ्ह’ नावाचा पाली ग्रंथ आहे. पञ्ह म्हणजे प्रश्न. राजा भारी वाद घालणारा. तो नागसेन नावाच्या भिक्खूकडे गेला आणि गंमत बघा, त्यांचं बोलणं सुरू झालं ते नावावरूनच. भिक्खू म्हणाले, मला नागसेन म्हणतात, पण ते नुसतं हाक मारण्यापुरतं. राजाला पटेना. मग त्यांनी विचारलं, तू ज्या रथातून आलास तो रथ म्हणजे काय? चाकं म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? आपण बैलगाडीवर घेऊन बघू. चाक म्हणजे गाडी नव्हे, जू म्हणजे गाडी नव्हे, साटी म्हणजेही गाडी नव्हे. सगळं जुळलं की आपण त्याला गाडी म्हणतो. राजाला ते पटलं. सिंहासनावर बसलेला माणूस भिक्षा मागून जगणाऱ्यासमोर ‘पटलं’ म्हणतो, हे मला त्या ग्रंथातलं सगळ्यात मोठं वाटतं.

आता हा पंजाबातला राजा, त्याचं आपल्याकडे काय? तो स्वतः इकडे आला नाही. पण त्याच्या जातकुळीचे लोक आले. त्यांना आपल्याकडे यवन म्हणत. कार्ल्याच्या लेण्यात खांबांवर यवनांनी दिलेल्या दानाचे लेख कोरलेले आहेत. हे कार्ले लोणावळ्याच्या खंडाळ्याजवळ, आपल्या नव्हे. पण बौद्ध लेणी आपल्याही तालुक्यात आहेत, शिरवळजवळच्या डोंगरात. कार्ल्याच्या एका यवनाचं नाव सिहधय, म्हणजे सिंहध्वज. परक्या देशाच्या माणसानं इथलं नाव घेतलं, आणि आपण त्यांच्या राजाचं नाव आपल्या पोरांना दिलं. नावांची देवाणघेवाण अशी चालते!

मराठी घरांत हा राजा परत आला तो बाबासाहेबांमुळे. लहानपणी साताऱ्यात शाळा शिकलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९५० मध्ये औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, कॉलेज काढलं. तेच मिलिंद महाविद्यालय, आणि परिसराचं नाव नागसेनवन. प्रश्न विचारणारा आणि उत्तर देणारा, दोघं शेजारी. पुढे १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली आणि घराघरांत मिलिंद, सिद्धार्थ, राहुल, सुजाता, संघमित्रा अशी नावं आली.

याचं मोल ज्यांनी सोसलंय त्यांना जास्त कळतं. त्याआधी कितीतरी घरांत दगडू, केरबा, धोंडी अशीच नावं असत. मूल जगावं म्हणूनही ती ठेवत, हे खरं. पण कामाला बोलावताना तीही मोडून, ‘ए दगड्या’ अशी हाक यायची, आणि हाक मारणारा वयानं लहान असला तरी. नाव नुसतं हाक मारण्यापुरतं, हे भिक्खूंनी म्हणावं. आपल्याच सातारा जिल्ह्यात ‘नकुशी’ नाव घेऊन वाढलेल्या मुलींना विचारा. २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींना नवीन नावं दिली, तेव्हा काहींनी आपलं नाव स्वतः निवडलं.

त्याच काळात दुसऱ्या दारानंही मिलिंद मराठी घरांत आला, तो भुंगा म्हणून. कमळाभोवती गुणगुणणारा हा भुंगा संस्कृत शिकलेल्या घरांना आवडला. म्हणून आज पन्नास-साठीच्या मिलिंदांमध्ये सगळ्या समाजांचे लोक सापडतात. मिलिंद गुणाजी, मिलिंद सोमण हे नट, मिलिंद बोकील हे लेखक. नुसतं मिलिंद ऐकून कोणाला जात ओळखता येत नाही. मग काय करतात? लगेच आडनाव विचारतात. तुम्हीही ऐकलं असेल, ‘मिलिंद कोण?’

बारशातल्या त्या दोघींना मी हे सगळं फोनवर सांगितलं. भुंगावाली म्हणाली, बरं झालं, म्हणजे मी हरले नाही. बाळाचं नाव मात्र रियांश ठेवलंय. त्याचा अर्थ आत्यालाही सांगता आला नाही.