१२. ऋणायनवाहक पटल

येथे अभिप्रेत असलेला पडदा पॉलिमरचा, केसाइतका पातळ असून, अल्कधर्मी इंधनघटात ऑक्सिजनच्या बाजूला तयार होणारे हायड्रॉक्साइड आयन त्यातून हायड्रोजनच्या बाजूला जातात, तेथे पाणी बनते आणि सुटलेले इलेक्ट्रॉन बाहेरच्या तारेतून वीज होऊन वाहतात. अपोलो यानांत हे काम पोटॅशियम हायड्रॉक्साइडकडे होते. पण अशा द्रावणात हवेतला कार्बन डायऑक्साइड मिसळला की कार्बोनेटचे खडे धरतात. पडद्यात धनभारित अमोनियम गट पॉलिमरच्या साखळीलाच जखडलेले असल्याने ते टळते. मात्र गरम अल्कलीत हेच गट झडू लागतात, आणि खरी अडचण तीच आहे. सुरतजवळ हजिरा येथे लार्सन अँड टुब्रोने २०२२ मध्ये सुरू केलेला, दिवसाला ४५ किलो हायड्रोजनचा प्रकल्प इंधनघटाच्या उलट क्रियेचा, म्हणजे विजेने पाण्याचे विघटन करण्याचा आहे.